बटण दाबायच्या आधी

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात पोरं हातावर नाव गोंदवून घेतात ती जत्रेत, आणि ते पुसायला निघतात ती भरतीची जाहिरात आल्यावर. सैन्य, सीमा सुरक्षा दल, निदान केंद्रीय राखीव पोलीस तरी, असा हिशोब करून पहाटे धावायला सुरुवात झालेली असते. छाती भरते, उंची बसते, आणि मग कुणीतरी मित्र मनगटाकडे बोट दाखवतो. हे चालणार नाही म्हणतो. तिथून मोबाइलवर शोध सुरू होतो. वापीत, उंबरगावात, विरारला ‘लेझर टॅटू रिमूव्हल’च्या पाट्या भरपूर आहेत. डहाणू रोडहून वापी रेल्वेने पन्नास किलोमीटरच्या आत, तलासरीहून तर महामार्गाने त्याहून जवळ.

खरं तर पहिली पायरी लेझरची नसतेच, नियम वाचण्याची असते. सैन्याच्या नियमानुसार कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला गोंदण चालतं. अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाची वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर, आणि त्या भागाच्या चौथ्या हिश्श्याहून लहान. उजवा हात सलामीचा, म्हणून तो कोरा हवा. वारली घरातल्या म्हाताऱ्या बायांच्या हातांवर जे ठिपके दिसतात ती झाली रूढी. मशीनने काढलेला रंगीत ड्रॅगन रूढीत बसत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण कित्येकांचं गोंदण नियमात बसणारं असतं आणि तरीही ते पैसे घेऊन वापीला निघतात.

ज्यांना खरंच पुसायचं आहे त्यांच्यापुढचा प्रश्न वेळेचा. एका बैठकीत टॅटू जात नाही. किरणाने शाईचे कण फुटतात आणि मग शरीरातल्या पेशी ते हळूहळू उचलून नेतात. या कामाला मुदत लागते, म्हणून दोन बैठकींत साधारण सहा ते आठ आठवडे सोडतात. काजळीने गोंदलेलं जुनं काळं गोंदण त्या मानाने लवकर फिकटतं. दुकानातलं दाट, रंगीत, त्यातही हिरवं-निळं असेल तर वर्ष सहज जातं. भरतीची जाहिरात आणि मैदानी चाचणी यांच्यामध्ये एवढा अवधी नसतो. मग ‘दोन सिटिंगमध्ये साफ’ म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो. तो दोन बैठकींत काय करतो? ताकद वाढवतो. शाई जाते, तिच्या जागी जाड, वर आलेला व्रण राहतो, आणि वैद्यकीय तपासणीत आता त्या व्रणावर प्रश्न विचारले जातात.

यंत्रात ताकद वाढवण्याची सोय असतेच. ती किती वाढवायची, कुणाच्या कातडीवर, आणि मुळात या माणसावर यंत्र चालवायचं का, हे यंत्र सांगत नाही.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर पेटवला. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी पुढच्या काही वर्षांतच तो त्वचेवर वापरून पाहिला. तरी दोन दशकं तो बोजड हत्यारासारखाच होता. नको ते जाळताना हवं तेही जाळायचा. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक विचार मांडला आणि सगळं बदललं. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाच्या ठरावीक लांबीची लहर जास्त शोषतं. लहर नीट निवडली आणि किरण इतका थोडा वेळ सोडला की उष्णता शेजारी पसरण्याआधीच तो थांबेल, तर फक्त लक्ष्य तापतं, आसपासची त्वचा वाचते. केसाच्या मुळाला काही हजारांश सेकंद पुरतात. टॅटूच्या शाईला सेकंदाचे काही अब्जांश.

हा सिद्धांत सुंदर आहे, पण त्यात एक अडचण आहे आणि ती आपल्या कातडीतच बसलेली आहे. केसातलं काळं द्रव्य म्हणजे मेलॅनिन, आणि त्वचेचा रंगही मेलॅनिनचाच. गोऱ्या त्वचेवरच्या काळ्या केसाला किरण बरोबर शोधतो. सावळ्या त्वचेत त्याला वाटेतच मेलॅनिन भेटतं आणि वरचा थर भाजतो. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडले ते मुळात गोऱ्या लोकांसाठी. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. भारतीय त्वचा बहुतांशी चौथ्या ते सहाव्या प्रकारात येते. शिवाय झाईपासून चिंचणीपर्यंत किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या बायका, घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांत तोडणीला जाणारे मजूर, वीटभट्टीवर सहा महिने काढणारी कुटुंबं, यांच्या हातातोंडावर उन्हाचा आणखी एक थर चढलेला असतो. एकाच बाईच्या दंडाची आणि मनगटाची त्वचा लेझरच्या दृष्टीने दोन निराळ्या बायकांची असू शकते.

म्हणून सावळ्या त्वचेवर १०६४ नॅनोमीटरची लांब लहर अधिक सुरक्षित मानतात. ती खोल जाते आणि वरच्या मेलॅनिनला कमी छेडते. ७५५ नॅनोमीटरचं यंत्र गोऱ्या माणसाला उत्तम, पण डहाणूच्या उन्हातल्या मुलीला तेच भाजू शकतं. आणि पार्लरमध्ये ‘लेझर’ म्हणून चालणारी कितीतरी यंत्रं लेझरच नसतात. ती अनेक लहरींचा एकत्र झोत टाकणारी ‘आयपीएल’ यंत्रं असतात. घरगुती वापराच्या अशा यंत्रांच्या खोक्यावर अतिसावळ्या त्वचेसाठी नाही, अशी सूचना बहुधा छापलेली असते. ती बारीक अक्षरं वाचतो कोण? त्यात लग्नसराई म्हणजे ऐन फाल्गुन-वैशाख. वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात सर्वांत जास्त बैठकी होतात.

भाजण्याचा डाग निदान दिसतो तरी. चुकीच्या निदानाचा दिसत नाही, आणि डहाणू-तलासरी या दोन तालुक्यांत खरी काळजी त्याची आहे.

भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचं ‘सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून उच्चाटन’ डिसेंबर २००५ मध्ये गाठलं. दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. रोग संपला असा नव्हे. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात आणि पालघरच्या आदिवासी तालुक्यांत शोधमोहिमा निघतात त्या उगाच नाही. आशाताई घरोघर जाऊन पाठ-हात बघतात, चट्ट्याला स्पर्श कळतो का विचारतात. कुष्ठरोगाची सुरुवात बहुधा अशीच होते. एखादा फिकट किंवा तांबूस चट्टा. खाज नाही, दुखत नाही, उलट तिथे कळतच नाही. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही, पण चट्टा गालावर असला तर पार्लरमध्ये जातो. दिसायला बरं दिसत नाही ना!

आता त्या खुर्चीत काय घडतं पाहा. समोरची मुलगी एक वर्षाचा कोर्स करून आलेली आहे. तिने चट्ट्याला शिबं म्हटलं, नायटा म्हटलं, ‘पिगमेंटेशन’ म्हटलं, तरी तिला दोष देता येत नाही. ते ओळखणं तिला कुणी शिकवलेलंच नाही. त्वचारोगतज्ज्ञ मात्र कापसाची वात त्या चट्ट्यावर फिरवतो, कोपराजवळची शीर चाचपून बघतो. या तपासणीला यंत्र लागत नाही आणि दोन-तीन मिनिटांहून जास्त वेळही लागत नाही. निदान झालं तर बहुऔषधी उपचाराच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. निदान हुकलं तर त्याच बधिर कातडीवर किरण पडतो. तिथे वेदनाच नाही, म्हणजे भाजतंय हे सांगणारा शेवटचा पहारेकरीही गेलेला. चार-सहा महिने पॅकेजमध्ये जातात आणि तेवढ्यात शिरेचं नुकसान होऊन बोटं वाकू शकतात.

वांगाची कथा वेगळी, पण वाट तीच. बाळंतपणानंतर गालांवर काळसर छटा येते, ऊन ती वाढवतं. मेडिकलवाला स्टिरॉइडचं मलम देतो. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो आणि गावभर त्या ट्यूबचं नाव होतं. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, मलम सोडलं की आग होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या बारा केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची चौकशी केली गेली. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास सातातला एक, तोंडाला स्टिरॉइड लावत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मनाई कागदावर आहे. ट्यूब मात्र अजूनही सहज मिळते. अशा पातळ झालेल्या चेहऱ्यावर ‘लेझर टोनिंग’ केलं तर काय उरेल? कुठलं मलम लावतेस, हा प्रश्न किरणाच्या आधी यायला हवा. आणि ‘काही नाही लावत’ हे पहिलं उत्तर खरं धरून चालत नाही. ट्यूब दाखव म्हणावं लागतं.

क्रीम म्हणजे निरुपद्रवी, या समजाला अकोल्यात २०२२ मध्ये मोठा धक्का बसला. तिथल्या एकाच घरातली आई आणि दोन मुली मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना चेहऱ्याच्या क्रीमविषयी विचारावंसं वाटलं, म्हणून हे उमगलं.

हनुवटीवरच्या केसांचंही तसंच. अठरा-वीस वर्षांच्या मुलीला दाढीसारखे केस येऊ लागले तर घरात आधी कुजबुज होते आणि मग पार्लर. डॉक्टर पाळी नियमित येते का विचारतो, वजन बघतो, गरज पडली तर हार्मोनची तपासणी आणि सोनोग्राफी सांगतो. बीजांडकोशाचा विकार असला तर मुळावर उपचार केल्याशिवाय लेझरचे पैसे पाण्यात. केस पुन्हा येत राहतात. केस अचानक, झपाट्याने वाढले तर क्वचित त्यामागे गाठही असते. आणखी एक विचित्र गोष्ट. लेझरनंतर, विशेषतः सावळ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर, काही वेळा केस कमी होण्याऐवजी वाढतात. हे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. पार्लर अशा वेळी आणखी सहा बैठकी सुचवतं.

मग भुवया. डोळ्याच्या खोबणीच्या आत केसांचा लेझर चालवायचा नाही, हा या विद्येतला साधा नियम. तो मोडल्याने बुबुळाभोवतीच्या पडद्याला इजा झाल्याची आणि मोतीबिंदू झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. १०६४ची लहर तर डोळ्यांना दिसतच नाही. ती नेत्रपटल भाजून जाते तेव्हा माणसाला कळतं ते अंधुक दिसायला लागल्यावर. त्या लहरीचा अंक छापलेले चष्मे खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर हवेत. रुग्णाच्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवून यंत्र चालवणं म्हणजे जुगार आहे.

बधिर करणाऱ्या मलमाला तर कुणी औषध समजतच नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातली २२ वर्षांची विद्यार्थिनी लेझरच्या बैठकीला निघताना घरीच दोन्ही पायांना ते मलम चोपडून, वर प्लास्टिक गुंडाळून गाडी चालवत होती. क्लिनिकनेच तसं सांगितलं होतं. वाटेत तिला झटके आले, ती शुद्धीवर आली नाही, आणि २००५ मध्ये तिचा मृत्यू झाला. त्याआधी ॲरिझोनातही असाच एक मृत्यू झालेला होता. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला: मोठ्या भागावर, झाकून, खूप वेळ ठेवलेलं हे औषध रक्तात उतरतं आणि हृदय-मेंदूवर जातं. त्या दिवशी तिच्या अंगावर लेझरचा एकही किरण पडलेला नव्हता.

याच कारणासाठी डॉक्टरची देखरेख म्हणजे भिंतीवरचं प्रमाणपत्र आणि आठवड्याची एक फेरी नव्हे. बटण दाबणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. शिकवलं तर कुणीही दाबेल. शहरांतल्या नावाजलेल्या क्लिनिकांतही बऱ्याचदा तंत्रज्ञच दाबतो. हे काय आहे आणि यावर किरण चालेल का, हा निर्णय त्याच्या आधीचा. फोड आला, डोळा दुखला, चक्कर आली तर काय करायचं, हा नंतरचा. ही दोन्ही टोकं डॉक्टरच्या हातात असली तर मधलं काम प्रशिक्षित हाताला देता येतं. व्यवहारात मात्र नेमकं उलट चालतं. पैसे घेताना डॉक्टरचं नाव पुढे येतं आणि त्रास झाला की डॉक्टर ‘आज नाहीत’.

अमेरिकेत लेझरच्या इजांवरून झालेल्या १७५ खटल्यांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘जामा डर्मटॉलॉजी’त आला. यंत्र चालवणारा डॉक्टर नव्हता, अशा खटल्यांचं प्रमाण २००८ मध्ये ३६ टक्के होतं, २०११ मध्ये ७८ टक्क्यांवर गेलं. केस काढण्याचे खटले सर्वांत जास्त. आपल्याकडे अशी मोजदाद करणंच अवघड, कारण गालावरचा डाग घेऊन न्यायालयात जाणारी मुलगी विरळा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपण आणि तत्सम सौंदर्यशस्त्रक्रियांबाबत सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघितलं म्हणजे प्रशिक्षण झालं असं नाही, हे आयोगाला लिहून सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

कायद्याच्या नकाशावर तलासरी फार मजेदार जागी आहे. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो, आणि त्याचा रोख मुख्यतः रुग्ण दाखल करून घेणाऱ्या जागांवर आहे. खाट नसलेलं लेझर क्लिनिक त्यातून अलगद निसटतं. महामार्गाने थोडं पुढे गेलं की गुजरात. तिथे २०२१ चा स्वतःचा आस्थापना कायदा आहे. उजवीकडे वळून सिल्वासाला गेलं तर केंद्रशासित प्रदेश, म्हणून केंद्राचा कायदा थेट लागू. एका दिवसात एस.टी. आणि वडापने तीन कायद्यांमधून फिरता येतं, आणि चट्टा तिन्हीकडे तोच असतो.

यंत्राचंही असंच अर्धवट. तारापूरचं अणुवीज केंद्र याच जिल्ह्यात १९६९ पासून आहे. त्या क्षेत्रावर नजर ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ एखाद्या छोट्या दवाखान्यातल्या एक्स-रे यंत्राचीही नोंद मागतं. सोनोग्राफीचं यंत्र तर १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली. ते इकडून तिकडे हलवलं तरी कळवावं लागतं. लेझरचा प्रकाश एक्स-रेच्या जातीचा नाही, म्हणून तो मंडळाच्या कक्षेत येत नाही. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम ते यंत्र कोण बनवतो, आयात करतो, विकतो हे बघतात. विकत घेतल्यावर ते कुणाच्या हातात जातं, हे त्यांचं काम नाही. डोळा आंधळा करू शकणारं यंत्र गाडीच्या डिकीत घालून आज डहाणूत, उद्या कासात नेलं तरी कुठल्या वहीत नोंद होत नाही.

एवढं वाचून लेझरच वाईट असं कुणी समजू नये. जन्मतःच अर्ध्या चेहऱ्यावर निळसर-करडा डाग, ज्याला डॉक्टर ‘ओटाचा डाग’ म्हणतात, घेऊन आलेल्या मुलीला याच किरणांनी मोकळं केलं आहे. त्याआधी तिच्यासाठी जाड मेकअपखेरीज फारसं काही नव्हतं. लहान मुलांच्या चेहऱ्यावरच्या काही जन्मजात लाल डागांनाही लेझर हाच मुख्य उपाय. सावळ्या त्वचेवरचे केसही योग्य लहरीने, सबुरीने कमी होतात. कमी होतात, कायमचे नाहीसे करण्याचं वचन कुठलाही प्रामाणिक त्वचारोगतज्ज्ञ देत नाही.

पार्लरवाल्या बाईला खलनायिका करणंही सोयीचं, पण खोटं. तलासरीच्या बाजारात दहा बाय दहाच्या गाळ्यात थ्रेडिंग-वॅक्सिंगवर घर चालवणाऱ्या बाईला यंत्राचा विक्रेता हप्त्यावर यंत्र, दोन दिवसांचं शिक्षण आणि ‘सर्टिफिकेट’ देऊन जातो. हप्ता फेडायचा तर बैठकी घ्याव्याच लागतात. दुसरीकडे त्वचारोगतज्ज्ञ बहुतेक शहरांत. तरी डहाणू तालुक्यातच, धुंदलवाडीजवळ सासवंदला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि एमबीबीएसच्या महाविद्यालयात त्वचारोग विभाग असावाच लागतो. वापीच्या पॅकेजआधी त्या बाह्यरुग्ण विभागातली एक फेरी स्वस्त पडते. ‘हा डाग आधी डॉक्टरला दाखव, मग ये’ असं म्हणणारी पार्लरवाली गिऱ्हाईक गमावत नाही, उलट टिकवते. अशा बायका आहेतही.

पैसे भरण्याआधी काउंटरवर चार गोष्टी विचारता येतात. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक काय, ते आज इथे आहेत का, यंत्राची लहर किती, आणि आधी कानामागे किंवा हनुवटीखाली छोट्या जागेवर चाचणी घेऊन काही दिवस थांबणार का. प्रत्येक बैठकीची ताकद कार्डावर लिहून मागावी, कारण पुढे कुणा दुसऱ्या डॉक्टरला उपचार करायचे झाले तर आधी त्याला तोच आकडा लागेल. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम सांगतात की नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा, चिठ्ठीवर आणि पावतीवर छापावा, आणि रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांच्या आत द्यावीत. हे नियम नोंदणीकृत डॉक्टरला बांधतात. पार्लरला ते लागू नाहीत.